केनियाचा प्रवास : पिवळा दाखला आणि श्रावकाचा विवेक

श्रावकाच्या बारा व्रतांत सहावे स्थान दिग्व्रताला आहे. कोणत्या दिशेला किती दूर जावयाचे याची मर्यादा गृहस्थाने स्वतः आखून घ्यावी, असे हे व्रत सांगते. व्यापारासाठी घराबाहेर पडणाऱ्या समाजाला त्याचे महत्त्व विशेष वाटले, कारण अनोळखी भूमीत गेलेला माणूस कळत-नकळत अधिक हिंसेला निमित्त होतो. या व्रताने प्रवासाला बंदी केली नाही. निघण्यापूर्वी थांबून विचार करण्याची सवय मात्र लावली. पूर्व आफ्रिकेतील केनियाला निघणाऱ्या जैन कुटुंबाला आज त्या सवयीची खरी गरज पडते. या प्रवासाच्या आरोग्यनियमांपैकी एक नियम थेट अहिंसेच्या प्रश्नाशी येऊन भिडतो.

केनियाशी समाजाचे नाते नवे नाही. 1896 मध्ये मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवराकडे रेल्वेमार्ग टाकण्यास प्रारंभ झाला आणि 1901 मध्ये रूळ सरोवराच्या काठी पोहोचले. त्या कामासाठी भारतातून सुमारे 32,000 मजूर नेण्यात आले. त्यांतील जवळजवळ 2,500 जण तेथेच मरण पावले. त्सावोच्या नरभक्षक सिंहांची कथा जगभर गाजली, परंतु रोगराई आणि अपघात यांनी घेतलेले बळी सिंहांच्या बळींपेक्षा कितीतरी अधिक होते. रेल्वेच्या मागोमाग व्यापारी आत शिरले. त्यांत जामनगरजवळच्या हालार प्रदेशातील ओशवाल जैन कुटुंबे होती. स्थानिकांच्या स्वाहिली भाषेत दुकानाला ‘दुका’, वाहनाला ‘गारी’, विम्याला ‘बिमा’ आणि पोळीला ‘चपाती’ म्हणतात, यावरून भारतीय व्यापारी तेथील दैनंदिन जीवनात किती मिसळले ते दिसते. 2017 मध्ये केनिया सरकारने भारतीय वंशाच्या नागरिकांना देशातील 44 वी जमात म्हणून मान्यता दिली.

मुंबईहून नैरोबी थेट विमानाने सुमारे सहा तासांवर आहे. कोणी नातलगांच्या लग्नासाठी जातो, कोणी व्यापाराची बोलणी करावयास, तर कोणी मुलाबाळांना अभयारण्यातील मुक्त प्राणी दाखवावयास. हेतू कोणताही असो, तयारी एकच आहे आणि ती तिकिटापूर्वी सुरू झाली पाहिजे.

प्रवेशाची परवानगी

जानेवारी 2024 पासून केनियाने जुनी व्हिसापद्धती बंद केली. तिच्या जागी ‘ई-टीए’ या नावाने ओळखली जाणारी इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवानगी आली. भारतीय नागरिकाने ती निघण्यापूर्वीच घ्यावयाची असते. लहान मुलासाठीही स्वतंत्र अर्ज करावा लागतो. प्रवेशाच्या दिवसापासून किमान सहा महिने वैध असलेला पासपोर्ट, छायाचित्र, परतीचे तिकीट आणि मुक्कामाचा पत्ता एवढी सामग्री हाताशी असली, की अर्ज सहज भरता येतो. पद्धत सुरू झाली तेव्हा शुल्क 30 डॉलर होते. निघताना चालू दर पाहून घ्यावा. अर्ज केनिया सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच करावा. सरकारी भासणारी आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेणारी खासगी संकेतस्थळे पुष्कळ आहेत.

नातलगांकडे उतरणाऱ्यांनी त्यांचे निमंत्रणपत्र घ्यावे. व्यापारासाठी जाणाऱ्यांनी प्रवासाचा हेतू पर्यटन असा न लिहिता व्यापार असाच लिहावा. 10,000 डॉलर किंवा त्याहून अधिक मूल्याचे चलन जवळ असल्यास ते सीमाशुल्क अधिकाऱ्यांना सांगणे बंधनकारक आहे.

पिवळा दाखला कोण मागतो?

पीतज्वराच्या लसीचा दाखला केनिया मागतो, असा बहुतेकांचा समज असतो. वस्तुतः भारतातून थेट जाणाऱ्या प्रवाशाकडून केनियाला त्या दाखल्याची अपेक्षा नसते, कारण भारतात पीतज्वर नाही. दाखला मागतो तो भारत, आणि तोही परत येताना. केनियात या रोगाचा धोका आहे. तो पसरविणारा एडिस इजिप्ती हा डास आपल्या शहरांत घरोघरी आहे. डेंग्यू पसरविणारा डास तोच. आपल्याकडे डास आहे, दाट लोकवस्ती आहे आणि या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती कोणाच्याही अंगी नाही. नाही तो केवळ विषाणू. एका प्रवाशाच्या रक्तातून तो येथे पोहोचला, तर काय घडू शकेल याची कल्पना करता येते. म्हणूनच भारताचा हा नियम जगातील कडक नियमांपैकी एक आहे.

नियमातील दोन आकडे लक्षात ठेवावेत. लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी दाखला वैध होतो, कारण प्रतिकारशक्ती तयार होण्यास तेवढा काळ लागतो. वैध दाखल्याशिवाय परतणाऱ्या प्रवाशाला 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते, कारण विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणपणे 3 ते 6 दिवस जातात. विमान कंपन्या अनेकदा निघतानाच दाखला पाहतात. म्हणून लस प्रस्थानाच्या किमान दोन-तीन आठवडे आधी घ्यावी. ती कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र शासनाने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि तेथे दिवस नेमून घ्यावा लागतो. दाखल्यावरील नाव आणि क्रमांक पासपोर्टशी जुळतात का, शिक्का आणि तारीख स्पष्ट आहेत का, हे केंद्रातून बाहेर पडण्यापूर्वीच तपासावे. 11 जुलै 2016 पासून एका मात्रेचा दाखला आयुष्यभर वैध मानला जातो. दहा वर्षांची मुदत छापलेला जुना दाखलाही त्यामुळे चालतो.

इथिओपियासारख्या पीतज्वराच्या दुसऱ्या देशातून विमान बदलून येणाऱ्यांनाही हा नियम लागू होऊ शकतो. केनियाहून पुढे टांझानियात किंवा झांझिबारला जावयाचे असल्यास तेथेही दाखला मागितला जातो.

लस आणि अहिंसा

आता मूळ प्रश्न. आज उपलब्ध असलेली पीतज्वराची मान्यताप्राप्त लस कोंबडीच्या अंड्यातील गर्भावर वाढविलेल्या विषाणूपासून तयार होते. मॅक्स थायलर या शास्त्रज्ञाने 1937 मध्ये ‘17 डी’ या सौम्य विषाणूची लस सिद्ध केली आणि 1951 मध्ये त्यासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. सध्याच्या लसी त्याच वंशाच्या आहेत. काही उत्पादकांच्या लसीत जिलेटिनही असते. अंड्याचा अंश असलेला केकसुद्धा वर्ज्य मानणाऱ्या घरात ही माहिती कळली, की आजी-आजोबांचा चेहरा गंभीर होणे स्वाभाविक आहे. ती माहिती त्यांच्यापासून लपविणे हा मार्ग नव्हे.

जैन परंपरेत हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद सांगितले आहेत. त्यांपैकी संकल्पी हिंसेचा, म्हणजे मारण्याच्या हेतूने केलेल्या हिंसेचा, त्याग गृहस्थाने करावा अशी अपेक्षा आहे. उरलेल्या तीन प्रकारांत तो पूर्णपणे सुटत नाही. म्हणून तेथे त्याने यतना पाळावी, म्हणजे शक्य तेवढी हिंसा टाळावी. औषधोपचाराचा विचार अनेक कुटुंबे याच दृष्टीने करतात. आणखीही एक बाजू आहे. लस घेऊन परतणारा प्रवासी केवळ स्वतःचा जीव वाचवीत नाही. आपल्या गल्लीतील, बाजारपेठेतील असंख्य लोकांपर्यंत रोग न पोहोचू देण्याची ती दक्षता आहे. लस नाकारून केनियाला जाणे म्हणजे त्यांच्या वाट्याला धोका आणणे होय.

परंतु हा युक्तिवाद लस घेण्याच्या बाजूने जेवढा बोलतो, तेवढाच न जाण्याच्या बाजूनेही बोलतो. लग्न किंवा व्यापार अपरिहार्य असेल तर एक गोष्ट. केवळ सहलीसाठी जावयाचे असेल तर दुसरी. ज्याच्या मनाला हे साधन पटत नाही, त्याच्यासमोर न जाण्याचा मार्ग खुला आहे, आणि दिग्व्रताच्या दृष्टीने त्यात काहीही उणेपणा नाही. कोणी आपल्या गुरुमहाराजांशी बोलून लस घेतो आणि आलोचना करतो, कोणी प्रवासच सोडतो. दोन्ही निर्णय विचारपूर्वक घेतलेले असू शकतात.

तिसरा एक मार्ग बाजारात दाखविला जातो : पैसे देऊन लसीशिवाय दाखला मिळविणे. तो मात्र कोणत्याही विचारात बसत नाही. त्यात असत्य आहे, कायद्याचा भंग आहे आणि इतरांच्या जिवाशी खेळही आहे. अहिंसेच्या नावाखाली घेतलेला खोटा दाखला अहिंसेचाच घात करतो.

ज्यांनी लस घेऊ नये

वैद्यकाचा विचार येथे श्रद्धेच्या विचाराइतकाच आवश्यक आहे. ही जिवंत विषाणूची लस आहे. नऊ महिन्यांखालील बालकांना ती सामान्यतः देत नाहीत. अंड्याची तीव्र अॅलर्जी असलेल्यांनी, थायमस ग्रंथीचा विकार झालेल्यांनी, कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी ती घेऊ नये. गर्भवती व स्तनदा मातांनी डॉक्टरांच्या स्पष्ट सल्ल्याशिवाय घेऊ नये. साठ वर्षांवरील व्यक्ती प्रथमच लस घेत असेल, तर गंभीर दुष्परिणामाची शक्यता विरळ असली तरी तरुणांपेक्षा अधिक असते.

नातवाच्या लग्नाला नैरोबीला जाण्यास उत्सुक असलेल्या सत्तरीतल्या आजोबांच्या बाबतीत म्हणूनच घाई करू नये. घरच्यांच्या आग्रहावर नव्हे, तर त्यांची सर्व औषधे आणि जुने आजार पाहून डॉक्टरांनी निर्णय द्यावा. लस देणे योग्य नसेल तर डॉक्टर तसे प्रमाणपत्र देऊ शकतात. तरीही परतल्यावर विमानतळावरील आरोग्य अधिकारी अशा प्रवाशाला 6 दिवसांपर्यंत निगराणीखाली ठेवू शकतात. एवढ्यासाठी आजोबांनी घरी राहून आशीर्वाद पाठविले, तर त्यात कोणाचाही अवमान नाही.

समाजातील तरुणांसाठी आणखी एक सूचना. महावीर जयंतीला गावोगावी रक्तदान शिबिरे होतात. ही लस घेतल्यानंतर चार आठवडे रक्तदान करता येत नाही, आणि हिवतापाच्या प्रदेशातून परतल्यावरही काही काळ थांबावे लागते. शिबिरातील डॉक्टरांना प्रवासाची माहिती अवश्य द्यावी.

सामान बांधताना

खाकरा, चिवडा, मेथीचे ठेपले, भाजणी यांच्याशिवाय आपल्या लोकांचे सामान पूर्ण होत नाही. ते नेण्यास हरकत नसते. परंतु साध्या प्लास्टिक पिशव्यांत बांधून नेऊ नये. केनियाने 28 ऑगस्ट 2017 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी घातली असून, कायद्यात 40 लाख शिलिंगपर्यंत दंड किंवा चार वर्षांपर्यंत कारावास अशी शिक्षा सांगितली आहे. 5 जून 2020 पासून अभयारण्ये, समुद्रकिनारे आणि वनक्षेत्रांत एकदाच वापरावयाच्या प्लास्टिकच्या बाटल्या, पेले आणि चमचेही चालत नाहीत. स्टीलचे डबे, कापडी पिशव्या आणि धातूची बाटली घ्यावी. ताजी फळे, बियाणे, रोपे परवान्याशिवाय नेऊ नयेत.

हिवताप केनियात गंभीर आहे. नैरोबी सुमारे 1,700 मीटर उंचीवर असल्याने तेथे धोका कमी. मोंबासाचा किनारा आणि व्हिक्टोरिया सरोवराचा परिसर येथे तो बराच अधिक. प्रतिबंधक औषधे डॉक्टरांनीच ठरवावीत. ती प्रवासाआधी सुरू करून परतल्यावरही ठरलेल्या मुदतीपर्यंत घ्यावी लागतात. मध्येच सोडल्यास उपयोग होत नाही. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते. जिलेटिन प्राण्यांपासून मिळते, म्हणून गोळीच्या रूपात पर्याय आहे का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. पर्याय असतो, फक्त वेळेवर विचारणारा लागतो.

विषुववृत्तावरचा दिवस

केनियातून विषुववृत्त जाते. त्यामुळे सूर्योदय आणि सूर्यास्त वर्षभर साडेसहाच्या आसपासच होतात. चौविहार किंवा रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्यास याहून सोयीचा देश क्वचितच सापडेल. स्वाहिली काळगणनाही सूर्योदयापासून चालते : आपण ज्याला सकाळचे सात म्हणतो, त्याला तेथे ‘सा मोजा’, म्हणजे पहिला तास म्हणतात. वाहनचालकाशी वेळ ठरविताना कोणते घड्याळ धरले आहे, हे विचारून घ्यावे. अन्यथा सहा तासांचा घोटाळा होतो.

अडचण हॉटेलांची असते. अभयारण्यातील निवासांत रात्रीचे जेवण साधारणपणे साडेसातच्या पुढे वाढतात. सूर्यास्तापूर्वी जेवण हवे, कांदा, लसूण, बटाटा आणि इतर कंदमुळे नकोत, हे आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे. भारतीय पर्यटक पुष्कळ येत असल्याने स्वयंपाकी ही मागणी समजून घेतात. तरी काही शब्द जवळ असावेत : ‘न्यामा’ म्हणजे मांस, ‘समाकी’ म्हणजे मासे, ‘मयाई’ म्हणजे अंडी, ‘वितुंगू’ म्हणजे कांदे, ‘वियाझी’ म्हणजे बटाटे, आणि ‘सिली न्यामा’ म्हणजे मी मांस खात नाही. मक्याच्या पिठाचा ‘उगाली’ आणि मका-घेवड्याची ‘गिथेरी’ हे स्थानिक पदार्थ शाकाहारी असतात, परंतु फोडणीत काय पडले ते विचारावे.

पाण्याच्या बाबतीत घरातला आचार आणि वैद्यकाचा सल्ला एकच होतो. नळाचे पाणी पिऊ नये. उकळून गाळलेले पाणी प्यावे. बर्फ आणि कच्च्या कोशिंबिरी टाळाव्यात. विषमज्वर आणि दूषित पाण्यातून होणारी कावीळ यांच्या लसींविषयी डॉक्टरांना विचारावे. सरोवरांच्या गोड्या पाण्यात उतरू नये. त्यातील सूक्ष्म कृमी त्वचेतून शरीरात शिरतात.

हिवतापाचा डास मुख्यतः सूर्यास्तानंतर चावतो. सायंकाळी लवकर जेवून, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, मच्छरदाणीत झोपणाऱ्याला त्याचा उपद्रव कमी होतो. डासांना न मारता दूर ठेवणारे मलम आणि नीट खोचलेली साधी मच्छरदाणी हे अहिंसक उपाय आहेत. निवासातील जाळी औषध लावलेली आहे का, हे विचारता येते.

प्रवासाच्या ऋतूचाही विचार करावा. मसाई मारातील प्राण्यांचे प्रसिद्ध स्थलांतर साधारणपणे जुलै ते ऑक्टोबरमध्ये दिसते, म्हणजे नेमके चातुर्मासात. चातुर्मासात दूर न जाण्याचा नियम असलेल्या कुटुंबांना जानेवारी-फेब्रुवारीचा कोरडा काळ चांगला. तेव्हा स्थलांतराचे कळप नसतात, परंतु हत्ती, जिराफ, झेब्रे आणि सिंह असतातच.

सावधगिरी

21 सप्टेंबर 2013 रोजी नैरोबीतील वेस्टगेट या बाजारसंकुलावर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात 67 निरपराध माणसे मारली गेली. त्यांत भारतीय वंशाचेही लोक होते. त्यानंतर मोठ्या इमारतींच्या दारांवर तपासणी नेहमीची झाली. तिला सहकार्य करावे. सोमालियाच्या सीमेलगतचे जिल्हे टाळावेत. शहरात अंधार पडल्यावर पायी फिरू नये, रात्री महामार्गाने प्रवास करू नये, अंगावर दागिने मिरवू नयेत. मोबाइलवरून पैसे देण्याची ‘एम-पेसा’ ही सोय 2007 पासून तेथे रुळलेली आहे. त्यामुळे फार रोकड बाळगावी लागत नाही. प्रवासविमा घ्यावा आणि नैरोबीतील भारतीय उच्चायोगाचा क्रमांक जवळ ठेवावा. हस्तिदंताची किंवा वन्यप्राण्यांच्या अवयवांची वस्तू घेणे गुन्हा आहे. जैनाला ते सांगावे लागू नये, परंतु ‘हाडाची कलाकुसर’ म्हणून ती पुढे केली जाते.

मोंबासा आणि परतीची वाट

नैरोबीच्या वेस्टलँड्स भागातील ओशवाल सेंटर हे समाजाचे मोठे केंद्र. तेथून 2017 मध्ये सुरू झालेल्या नव्या रेल्वेने पाच-सहा तासांत मोंबासा गाठता येते. वाटेत त्सावोचे रान लागते. पोर्तुगीजांनी 1593 मध्ये बांधावयास घेतलेला फोर्ट जीझस हा किल्ला एकेकाळी गोव्याहून चालणाऱ्या कारभाराचा भाग होता. त्याच शहरात, 1963 मध्ये उभे राहिलेले पार्श्वनाथांचे पांढऱ्या संगमरवराचे शिखरबंद मंदिर आहे. भारताबाहेरील सर्वांत जुन्या शिखरबंद जैन मंदिरांत त्याची गणना होते. कातडी पट्टा आणि पाकीट बाहेर ठेवून, स्वच्छ साध्या वेशात दर्शन घ्यावे. आपला आचार बरोबर घेऊन समुद्र ओलांडलेल्या पिढ्यांनी तो तेथे कसा टिकविला, हे तेथील श्रावकांशी बोलल्यावर कळते.

परतल्यावर मुंबईच्या विमानतळावर आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलापाशी पिवळा दाखला दाखवावयाचा असतो. तेथे काम संपत नाही. पुढील काही महिन्यांत ताप आला, तर ‘आफ्रिकेहून आलो आहे’ हे पहिले वाक्य डॉक्टरांना सांगावे आणि त्याच दिवशी हिवतापाची रक्ततपासणी करून घ्यावी. तेथील हिवताप झपाट्याने मेंदूपर्यंत जाऊ शकतो आणि साधा ताप समजून घालविलेले दोन दिवस फार महाग पडतात.